वासरांपुरती लस

भोपाळच्या भेल कारखान्यातील नोकरीतून निवृत्त होऊन अवधपुरीत स्थायिक झाल्यावर परसात संकरित गाई पाळण्याचा जो संसार मी मांडला, त्यातील सर्वांत दुधाळ गाय भरपूर चारा खाऊनही वाळत चालली आणि तिला पहाटेच्या गारव्यात कोरडी ढास लागू लागली, तेव्हा पशुवैद्यांनी तिच्या मानेच्या कातडीत ट्यूबरक्युलिन टोचून, 72 तासांनी तेथील सूज मोजून, क्षयाचे निदान केले. विलायतेत अशा जनावराची कत्तल होते. आमच्या मध्यप्रदेशात 2004 च्या कायद्याने गोवंशवधास मनाई आहे, आणि ती नसती तरी आमचा हात उचलला गेला नसता.

लवकरच एक गृहस्थ लहान मुलांची बीसीजी लस साऱ्या गोठ्याला टोचण्याची तजवीज घेऊन दारी आले. (पशुरोगांची राष्ट्रीय संस्था जवळच आनंदनगरात असलेल्या शहरातही असले सल्लागार घरपोच मिळतात!) त्यांची कल्पना अगदीच निराधार नव्हती. काल्मेत व गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तेरा वर्षे संवर्धन करून निर्बल केलेला आणि 1921 मध्ये प्रथम मानवी बालकास दिलेला तो जंतू मुळात गाईच्याच क्षयाचा. इथिओपियात संकरित वासरांवर केलेल्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही असे दिसले की, लस घेऊनही ज्यांना संसर्ग झाला त्यांच्यापासून इतरांस होणारा प्रसार सुमारे 74 टक्क्यांनी घटतो. परंतु लस निरोगी वासराचे रक्षण करते, जडलेला क्षय हटवीत नाही; शिवाय टोचलेले जनावर पुढे ट्यूबरक्युलिनलाही सूज दाखवू शकते, आणि मग रोगी कोण व लस घेतलेले कोण हे निवडण्यास जी निराळी चाचणी लागते, ती गावच्या दवाखान्यात सहसा मिळत नाही. सरकारच्या राष्ट्रीय मोहिमेत लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस यांच्या लसी आहेत, क्षयाची नाही. गृहस्थांना चहा पाजून निरोप दिला.

तेव्हा ज्यांच्या गोठ्यात हा रोग शिरला असेल, त्यांनी रोगी गाईचा बंदोबस्त दूरच्या, हवेशीर छपराखाली करावा, तिची गव्हाण व पाणी निराळे ठेवावे, आणि तिचे वासरू जन्मताच वेगळे करून उकळून निववलेल्या दुधावर वाढवावे. तिला गुपचूप बाजार दाखविणे म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यात रोग विकणे होय. नवी गाय घेताना चाचणीचा दाखला मागावा. व्यापारी हसला तर हसू द्यावे. आपल्याकडे धारोष्ण दुधाचे जे कौतुक आहे, तेही आता सोडावे. आणि घरात वा गुराख्यास खोकला रेंगाळला, तर डॉक्टरांस गोठ्याची हकिगत आधी सांगावी, कारण गाईच्या क्षयजंतूवर पायराझिनामाइड हे नित्याचे औषध चालत नाही.