आरोग्य योजना बदलावी का?

प्रस्तावना

आजार सांगून येत नाही, हे आपण सर्वजण जाणतो. म्हणूनच उपचारांच्या खर्चाची तरतूद आधी करून ठेवावी लागते. सरकारी कर्मचाऱ्याला अशी तरतूद नोकरीबरोबरच मिळते. परंतु निवृत्ती जवळ आली, गाव बदलण्याचा विचार सुरू झाला किंवा एखादी आकर्षक खासगी योजना समोर आली, की प्रश्न पडतो: आहे ती योजना ठेवावी की बदलावी? असा निर्णय कसा घ्यावा, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण

- सरकारी आरोग्य योजना आणि आरोग्य विमा यांतील फरक सांगू शकाल;
- 'प्रतीक्षा काळ' या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करू शकाल;
- योजना बदलण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, हे ठरवू शकाल.

मूळ पाठ

गोमती नगर ही लखनौमधील एक मोठी वसाहत आहे. विनय खंड, विराम खंड, विभूती खंड अशी तिच्या भागांची नावे आहेत. डॉ. राममनोहर लोहिया आयुर्विज्ञान संस्थान हे मोठे सरकारी रुग्णालय याच वसाहतीत आहे. केंद्राचे आणि राज्याचे कर्मचारी येथे शेजारी शेजारी राहतात.

समजा, येथे एक मराठी कुटुंब राहत आहे. गृहस्थ केंद्र सरकारच्या नोकरीत असून त्यांचे वय सत्तावन्न वर्षे आहे. निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. पत्नीला मधुमेह आहे. निवृत्तीनंतर रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या गावी परतावे, अशी दोघांची इच्छा आहे.

एके दिवशी एक विमा प्रतिनिधी त्यांच्या घरी आला. तो म्हणाला, "साहेब, निवृत्तीनंतर गावी सरकारी दवाखाना कुठे शोधाल? ती योजना सोडा आणि आमचा विमा घ्या. पूर्वी हप्त्यावर १८ टक्के कर लागत असे. तोही २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे."

गृहस्थांना हे म्हणणे पटू लागले. तेवढ्यात पत्नीने विचारले, "अहो, इतकी वर्षे आपण सरकारी योजनेत आहोत. ती वर्षे नवी कंपनी मोजणार का?"

प्रतिनिधीने प्रामाणिकपणे उत्तर दिले, "नाही बाई, ती मोजता येत नाहीत."

या एका प्रश्नात निर्णयाचे सारे मर्म आहे. ते नीट समजून घेऊ.

केंद्र सरकार आरोग्य योजना, म्हणजेच सी.जी.एच.एस., १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. पुढे ती लखनौ, मुंबई, पुणे, नागपूर अशा अनेक शहरांत पोहोचली. ही योजना म्हणजे विमा नव्हे. कर्मचाऱ्याच्या वेतनातून ठरावीक वर्गणी कापली जाते आणि त्याला व त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना तपासणी, औषधे व रुग्णालयातील उपचार मिळतात. आजार जुना आहे की नवा, हे येथे पाहिले जात नाही.

विम्याची रीत वेगळी आहे. विमा घेण्यापूर्वीच जडलेल्या आजाराचा खर्च कंपनी लगेच देत नाही. त्यासाठी थांबावे लागते. या मुदतीला प्रतीक्षा काळ म्हणतात. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. एका कंपनीचा विमा सोडून दुसऱ्या कंपनीकडे जाताना, पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ जुन्या विमा रकमेपुरता सोबत नेता येतो. ही सोय २०११ पासून आहे. मात्र सी.जी.एच.एस. हा विमाच नसल्यामुळे तेथील वर्षांना ही सोय लागू होत नाही. साठाव्या वर्षी योजना सोडून विमा घेतला, तर मधुमेहाचा प्रतीक्षा काळ पहिल्या दिवसापासून सुरू होईल. ज्या वयात आधाराची गरज अधिक, त्याच वयात आधार तुटेल.

मग गावी परतण्याचे काय? गृहस्थांनी कार्यालयात चौकशी केली. निवृत्त कर्मचारी दहा वर्षांची वर्गणी एकदम भरून आजीवन कार्ड घेऊ शकतो. २०१७ पासूनच्या दरांनुसार वेतनस्तर ७ ते ११ साठी मासिक वर्गणी ६५० रुपये आहे. म्हणजे दहा वर्षांचे ७८,००० रुपये होतात. जेथे सी.जी.एच.एस. नाही, तेथे राहणाऱ्या निवृत्तांना दरमहा १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळू शकतो. हा भत्ता बाह्यरुग्ण उपचारांसाठी घ्यावा आणि रुग्णालयात दाखल होण्यासाठी कार्ड ठेवावे, असाही पर्याय उपलब्ध आहे.

तरीही एक अडचण उरते. गावाहून मुंबई दूर आहे. रात्री-अपरात्री जवळच्या रुग्णालयात जावे लागले तर? यावर दोघांनी विचार करून असे ठरवले, की सरकारी योजना सोडायची नाही. परंतु तिच्या जोडीला एक लहान विमा आजच घ्यायचा. नोकरीची तीन वर्षे संपतील, तेव्हा प्रतीक्षा काळही संपलेला असेल. अर्जात मधुमेह स्पष्टपणे लिहायचा. कदाचित हप्ता वाढेल, कदाचित अर्ज नाकारलाही जाईल. पण आजार लपवून घेतलेला विमा ऐन वेळी हातातून निसटू शकतो.

त्यांच्या शेजाऱ्यांचा प्रश्न निराळा होता. ते उत्तर प्रदेश सरकारचे कर्मचारी. त्यांच्यासाठी २०२२ साली पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने कॅशलेस उपचारांची योजना सुरू झाली. तिच्यात संलग्न खासगी रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. शेजाऱ्यांना लखनौतच राहायचे होते. म्हणून एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगळे निर्णय झाले आणि दोन्ही योग्य ठरले.

योजना बदलताना केवळ हप्ता पाहू नये. आपले वय, घरातील आजार, पुढे राहण्याचे ठिकाण आणि आजवर मिळवलेले हक्क यांचा एकत्र विचार करावा. नवी योजना लेखी स्वरूपात मंजूर झाल्याशिवाय जुन्या योजनेवर पाणी सोडू नये.

शब्दार्थ

तरतूद – आधी करून ठेवलेली व्यवस्था
मर्म – मुख्य गोष्ट, सार
बाह्यरुग्ण – रुग्णालयात दाखल न होता उपचार घेणारा
पाणी सोडणे – हक्क किंवा आशा सोडून देणे

पाठगत प्रश्न

१. सी.जी.एच.एस. हा विमा का नव्हे?
२. पत्नीने प्रतिनिधीसमोर कोणता प्रश्न विचारला? तो महत्त्वाचा का ठरला?
३. या कुटुंबाने निवृत्तीची वाट न पाहता आजच विमा घेण्याचे का ठरवले?

स्वाध्याय

आपल्या कुटुंबाच्या आरोग्य खर्चाची तरतूद कोणत्या योजनेतून होते, याची माहिती मिळवा. ती योजना ठेवावी की बदलावी, याविषयी आपले मत कारणांसह दहा ओळींत लिहा.