हललेला फोटो

वाङ्मय मंडळाच्या मागच्या बैठकीत मी माझे पाच फोटो दाखवले. पहिल्याच फोटोला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "हा हललाय ना?" हो, हललाय. मुद्दाम हलू दिलाय. पण प्रश्न रास्त होता, कारण त्या पाचांपैकी दोन खरोखरच चुकून हललेले होते आणि मी तेही मुद्दाम काढलेत म्हणून खपवले. तेव्हा कबुली देऊन सुरुवात करते, आणि मुद्दाम हलवायचं कसं ते जेवढं हाती लागलंय तेवढं सांगते.

कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो, तो शटर स्पीड. १/५०० सेकंद उघडा राहिला तर पळणारा माणूस एका जागी गोठतो. १/४ सेकंद राहिला तर त्या पाव सेकंदातल्या त्याच्या सगळ्या जागा एकावर एक उमटतात. आपण मराठीचे विद्यार्थी, म्हणून मी हे व्याकरणातून लक्षात ठेवते. जलद शटर म्हणजे साधा भूतकाळ, 'पळाला'. हळू शटर म्हणजे अपूर्ण भूतकाळ, 'पळत होता'. कृती चालू आहे, तिचं टोक दिसत नाही. मात्र 'पळत होता' या वाक्यालाही कर्ता लागतो. कोण पळत होता हेच कळलं नाही तर वाक्य फसतं. माझे ते दोन फोटो तिथेच फसले होते.

ते दोन्ही गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतले. ढोल-ताशा पथक अंगावर येत होतं, मी कॅमेरा हातातच धरून १/८ वर भराभर फोटो काढले. ढोल हलले, माणसं हलली, वरचे दिवे हलले आणि माझे हातही हलले. घरी येऊन बघते तर नुसता गुलाल. सगळंच हललं की काहीच हललेलं दिसत नाही. चौकटीत एखादी तरी गोष्ट धारदार हवी, मग तिच्या शेजारी हालचाल दिसते. ५० मिमीच्या लेन्सवर १/५० पेक्षा हळू शटर हातात धरून वापरू नये, असा जुना ठोकताळा आहे. त्याखाली जायचं तर ट्रायपॉड, नाहीतर भिंत, कट्टा, पुस्तकांची चळत काहीही. आणि बटण दाबताना बसणारा धक्काही फोटोत येतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा.

काय स्थिर ठेवायचं हे ठरवण्याची गंमत फोटोग्राफीच्या जन्मापासूनची आहे. दागेरने १८३८ मध्ये पॅरिसमधल्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो खिडकीतून घेतला. तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागत. गाड्या, घोडे, माणसं हलत राहिली आणि फोटोत उमटलीच नाहीत, रस्ता ओसाड दिसतो. दिसतो तो फक्त बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस, कारण तेवढा वेळ तो उभा होता. माणूस दिसणाऱ्या सगळ्यात जुन्या फोटोंत त्याची गणना होते, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसेल. नव्वदच्या दशकात रशियाच्या अलेक्सी तितारेन्कोने हेच जाणूनबुजून केलं. सेंट पीटर्सबर्गच्या मेट्रो स्टेशनात शिरणारी गर्दी त्याच्या फोटोत धुरासारखी वाहते, पण जिन्याच्या कठड्याला धरलेले हात तेवढे स्पष्ट उमटलेत. देश कोसळून गेल्यानंतरची ती वर्षं. ते हात मी कितीदा बघितले असतील त्याला मोजदाद नाही.

उलटही करता येतं. हलणाऱ्याला धारदार ठेवायचं आणि उभ्या जगाला पळवायचं, याला पॅनिंग म्हणतात. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ संध्याकाळी उभं राहायचं. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल १/५०० सेकंदात जेमतेम ८ मिलिमीटर सरकते, १/३० मध्ये जवळजवळ १४ सेंटिमीटर. म्हणून शटर १/३० वर ठेवायचं, पाय रोवून कंबरेतून वळायचं, सायकलवाला समोर यायच्या आधीच त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवायला लागायचं आणि बटण दाबल्यावरही फिरवत राहायचं. बटण दाबलं की आपण थांबतो, खोड असते ती. मी तीन संध्याकाळी घालवल्या. चेहरा बऱ्यापैकी धारदार, आरे विरघळलेले आणि मागची दुकानं आडव्या पट्ट्या झालेली, असे मोजून चार फोटो मिळाले.

संध्याकाळ म्हणाले ते उगाच नाही. भर उन्हात आयएसओ १०० ठेवून अपर्चर एफ २२ पर्यंत बारीक केलं तरी शटर साधारण १/५० पर्यंतच खाली येतं. त्याहून हळू केलं की फोटो पांढराफटक. लेन्ससमोर काळसर एनडी काच लावली तर जमतं. एनडी ८ मधून आठवा हिस्सा उजेड आत येतो, म्हणजे १/५० चं १/६ होतं. मोबाइलमध्ये बहुधा अपर्चर ठरलेलंच असतं, तिथे पहाट आणि तिन्हीसांज याच खऱ्या एनडी काचा, त्याही फुकट. धबधब्याबद्दल एकच सांगते. पावसाळ्यात गोकाकला मी पाणी दोन सेकंद वाहू दिलं, तर घटप्रभेचं ते तांबडं पाणी दुधाच्या चहासारखं सपाट झालं, जोरच गेला. १/८ वर दोर दिसले.

आता पाचवा फोटो. तो आजीचा.

आजीला कंपवात आहे. उजवा हात मांडीवर ठेवला की थरथरतो, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहतात. जपमाळेचे मणी ओढल्यासारखं दिसतं, हातात माळ नसतानाही. आणि खरी माळ हातात घेतली की कंप कमी होतो! डॉक्टर म्हणाले की या दुखण्यात असंच असतं, हात कामाला लागला की थरथर ओसरते. आजीचं कारण वेगळं आहे, ते तुम्ही ओळखलं असेलच.

तिच्या वाढदिवसाला घरच्यांना फोटो हवा होता. काकू म्हणाली, हात शालीखाली घे. मी आयएसओ २००० केलं, शटर १/२५०. हात शांत आला, बोटं एकमेकांवर टेकलेली. सगळ्यांना आवडला. मला रात्री तो बघवेना, कारण तसा हात आमच्या घरात गेली चार वर्षं कुणी पाहिलेला नाही.

मग दुसऱ्या दिवशी तिला विचारून खिडकीशी खुर्ची ठेवली. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८. असा कंप सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होतो. १/१५ ला हात जरासा पुसट आला, माझीच चूक झाल्यासारखा. अर्धवट हललेला फोटो कायम चुकीसारखाच दिसतो. १/२ ला हाताचा ढग झाला. १/४ ला बरोबर एक फेरा उमटला. बोटं कळतात आणि हलतातही. खरा प्रश्न चेहऱ्याचा होता, पाव सेकंद मान स्थिर राहायला हवी. डोकं खुर्चीच्या पाठीला टेकवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं. नवव्या फोटोला जमलं.

ती मधेच म्हणाली, "हलणाराच हात कशाला काढाय लागलीस गं?"

"हलतोय म्हणून काढतेय, आजी."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिने बराच वेळ बघितलं. मग चष्मा पुसून परत बघितलं. "माझाच आहे," म्हणाली. "पण भिंतीवर कालचा लाव." मी विचारलं, मंडळात दाखवू? दाखव म्हणाली. मासिकात छापू? त्याला नको म्हणाली, "ते कुठं कुठं जातंय."

त्यामुळे या लेखासोबत दुसऱ्या गेटचा सायकलवाला आहे.