नव्या वैमानिकाचें वेतन

आकाशांतून विमान जाऊं लागलें म्हणजे मान वर करून पाहणार नाहीं असा मुलगा किंवा अशी मुलगी आपल्या शाळेंत क्वचितच सांपडेल. ‘मोठेपणीं तूं कोण होणार?’ ह्या प्रश्नास ‘वैमानिक’ हें उत्तर पुष्कळांच्या ओठांवर तयार असतें. तें ऐकून आईबापांस कौतुकही वाटतें. परंतु ह्या धंद्यांत पहिलें पाऊल टाकणाऱ्यास काय मिळतें, तें कसें मोजतात आणि त्याची नेमणूक कोणत्या नियमानें होते, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. सोनेरी पट्ट्यांचा गणवेश सर्वांस दिसतो. त्याच्या खिशांत काय आहे तें दिसत नाहीं. म्हणून हा विषय आज जरा पद्धतशीर रीतीनें पाहूं.

उदाहरणासाठीं आपण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रादेशिक विमान-कंपन्या घेऊं. २००९ पासून पुढच्या पंधरा वर्षांत तेथें नवशिक्या वैमानिकाच्या वेतनांत इतका मोठा फरक पडला कीं, ‘वेतन कशानें ठरतें?’ हा अर्थशास्त्राचा धडा त्यांतून आपोआप उलगडतो. शिवाय त्यांत माणसांच्या जिवाचाही प्रश्न गुंतलेला आहे.

१. प्रादेशिक कंपनी म्हणजे काय?

अमेरिकन, डेल्टा व युनायटेड ह्या तेथील मोठ्या विमान-कंपन्या होत. मोठ्या शहरांमधील व परदेशची वाहतूक त्या आपल्या मोठ्या विमानांनीं करितात. परंतु लहान गांवांतील उतारू मोठ्या विमानतळावर आणून पोंचविण्याचें काम त्या बहुधा लहान कंपन्यांकडे सोंपवितात. स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय, पीएसए, पीडमाँट हीं अशा कांहीं कंपन्यांचीं नांवें. विमानावरील रंग मोठ्या कंपनीचा, तिकीट मोठ्या कंपनीचें, पण विमान चालविणारा नोकर मात्र लहान कंपनीचा, अशी ही व्यवस्था आहे. विमानांत आसनें बहुधा पन्नास ते शहात्तर.

ह्या व्यवस्थेंतील एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. मोठी कंपनी लहान कंपनीस पुष्कळदां ठरलेल्या फेऱ्यांबद्दल ठरलेला मोबदला देते. तिकीट महाग विकलें गेलें तरी त्याचा लाभ लहान कंपनीस होत नाहीं. अर्थात् नफा वाढवावयाचा तर खर्च कमी करणें हाच तिच्यापुढें मुख्य मार्ग उरतो. आणि जी कंपनी स्वस्तांत काम करील तिलाच पुढील करार मिळण्याचा संभव अधिक. ह्या काटकसरीचा भार सर्वांत खालच्या पायरीवर उभा असणाऱ्यावर पडतो, व ती पायरी म्हणजे नवा सहवैमानिक.

२. तास कोणता मोजतात?

विमानांत डाव्या आसनावर मुख्य वैमानिक व उजव्या आसनावर सहवैमानिक बसतो. नव्या माणसाची नेमणूक सहवैमानिक म्हणून होते. त्याचें वेतन तासावर असतें. परंतु हा तास घड्याळांतील कामाचा तास नव्हे. विमान आपल्या जागेवरून हललें म्हणजे तास सुरू होतो, व मुक्कामीं पोंचून जागेवर थांबलें म्हणजे तो संपतो. उड्डाणापूर्वीं हवामान अभ्यासणें, विमान तपासणें, दोन फेऱ्यांमध्यें विमानतळावर ताटकळत बसणें, हा वेळ त्यांत बहुधा धरीत नाहींत. बारा तास कामावर राहिलेल्या माणसाचे हिशेबाचे तास पांच किंवा सहाच भरावे, असें पुष्कळदां घडतें. मात्र महिन्यास सुमारें ७५ तासांच्या वेतनाची हमी असते, आणि बाहेरगांवीं जेवणखाणासाठीं थोडा भत्ता मिळतो.

आतां एक सोपें गणित करूं. २०१३ च्या सुमारास तेथील प्रादेशिक कंपन्यांत नव्या सहवैमानिकास तासास सरासरी २४ डॉलर मिळत. ७५ तासांचे महिन्यास १,८०० डॉलर, व वर्षाचे २१,६०० डॉलर झाले. ह्यांतूनच कर, घरभाडें आणि शिक्षणासाठीं काढलेल्या कर्जाचा हप्ता द्यावयाचा. हें कर्जही लहानसहान नसे. आज तर तेथें आरंभापासून व्यापारी परवान्यापर्यंतच्या शिक्षणास एक लाख डॉलरांच्या आसपास खर्च येतो. ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

३. मग लोक ही नोकरी कां पतकरीत?

ह्याचें उत्तर ज्येष्ठतेच्या नियमांत आहे. कंपनींत दाखल होतांच प्रत्येक वैमानिकास एक क्रमांक मिळतो. कोणत्या मार्गावर जावयाचें, सुटी केव्हां मिळावयाची, डाव्या आसनावर केव्हां बसावयाचें, हें बहुतेक सर्व त्या क्रमांकावर अवलंबून असतें. कंपनी बदलली कीं क्रमांक गेला. दुसरीकडे पुन्हां तळापासून आरंभ! म्हणून शहाणा उमेदवार होतां होईल तितक्या लवकर रांगेंत उभा राहतो. मोठ्या कंपनींतील मुख्य वैमानिकास वर्षास लाखों डॉलर मिळतात, आणि तेथें पोंचण्याचा नेहमींचा रस्ता प्रादेशिक कंपनीवरून जातो. उद्यांच्या आशेवर तो आजची ओढाताण सोसतो. कंपन्यांसही हें पक्कें ठाऊक होतें, व म्हणूनच पहिल्या पायरीचें वेतन पुष्कळ वर्षें तसेंच खालीं राहिलें.

४. १२ फेब्रुवारी २००९

त्या रात्रीं कोलगन एअर ह्या प्रादेशिक कंपनीचें विमान न्यूअर्कहून बफेलोस जात होतें. विमानावर नांव काँटिनेंटल ह्या मोठ्या कंपनीचें होतें. उतरण्याच्या तयारींत असतां त्याचा वेग फार कमी झाला व धोक्याचा इशारा झाला. अशा वेळीं विमानाचें नाक खालीं करून वेग वाढवावयाचा असतो. मुख्य वैमानिकानें उलट दांडा मागें ओढला. विमान एका घरावर कोसळलें. विमानांतील ४९ जण व घरांतील एक, अशीं ५० माणसें दगावलीं.

चौकशींत अपघाताचें कारण म्हणून वैमानिकाची ती चुकीची कृतीच ठरविण्यांत आली. परंतु सुनावणींत आणखी कांहीं गोष्टी उजेडांत आल्या. २४ वर्षांची सहवैमानिक सिॲटलच्या बाजूस आईवडिलांच्या घरीं राहत असे, आणि आदल्या रात्रीं देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत विमानांतून प्रवास करून ती कामावर आली होती. तिचें वार्षिक वेतन प्रथम सुमारें १६ हजार डॉलर सांगण्यांत आलें. पुढें कंपनीनें तें २४ हजारांच्या जवळ असल्याचें म्हटलें. दोघेही वैमानिक थकलेले असावेत, पण त्या थकव्याचा नेमका किती परिणाम झाला हें ठरवितां येत नाहीं, असा चौकशी मंडळाचा अभिप्राय पडला.

वाचकांनीं येथें न्यायबुद्धि सोडूं नये. कमी वेतनामुळें विमान पडलें असें मंडळानें म्हटलेलें नाहीं, व आपणही म्हणूं नये. परंतु ज्याच्या हातीं पन्नास जीव दिले, त्याला कामाच्या गांवीं खोली घेऊन रात्रभर झोंप घेणें परवडतें कीं नाहीं, हा प्रश्न त्या दिवसापासून साऱ्या देशापुढें उभा राहिला.

५. पंधराशें तासांचा कायदा

मृतांच्या नातलगांनीं नेटानें प्रयत्न केले, व २०१० सालीं नवा कायदा झाला. पूर्वीं सहवैमानिकाच्या नेमणुकीस कायद्यानें २५० तासांचें उड्डाण पुरेसें होतें. २०१३ पासून ही अट सामान्यतः १,५०० तासांची झाली. सैन्यांतून आलेल्यांस ७५० व विमानविद्येच्या पदवीधरांस १,००० तासांची सवलत ठेवण्यांत आली. मुख्य वैमानिक होण्यास विमान-कंपनीच्या कामांतील १,००० तासांचा अनुभव आवश्यक ठरला. विश्रांतीचे नवे नियम २०१४ च्या आरंभीं लागू झाले. त्यांनुसार कामापूर्वीं दहा तासांची विश्रांति देणें बंधनकारक झालें. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. अपघातांतील दोघांही वैमानिकांचे तास पंधराशेंहून अधिकच होते. म्हणून ही अट योग्य कीं अयोग्य, हा वाद तेथें अद्याप चालू आहे.

अट वाढली, पण उमेदवार ते तास कोठून आणणार? बहुतेक जण लहान विमानांच्या शाळेंत शिक्षक होतात. कोणी जाहिरातीचे फलक ओढणारीं विमानें चालवितात, तर कोणी जमिनीची पाहणी करणारीं. ह्यांत दीड-दोन वर्षें सहज जातात. इतकें करून २१ हजार डॉलरांची नोकरी! पुष्कळांनीं पाठ फिरविली. २०१४ सालीं सरकारी हिशेब-तपासणी कार्यालयानें बारा प्रादेशिक कंपन्यांकडे विचारपूस केली, तेव्हां त्यांपैकीं अकरांना ठरविल्याइतके नवे वैमानिक मिळाले नव्हते. ‘माणसेंच नाहींत,’ असें कंपन्या म्हणत. ‘माणसें आहेत, वेतन नाहीं,’ असें वैमानिकांचा संघ म्हणे.

ह्या ओढाताणींत लहान गांवें भरडलीं गेलीं. वायोमिंग संस्थानांतील ग्रेट लेक्स एअरलाइन्स ह्या कंपनीनें मार्च २०१८ मध्यें आपलीं उड्डाणें थांबविलीं. मार्च २०२२ मध्यें स्कायवेस्टनें, वैमानिक अपुरे असल्याचें कारण देऊन, २९ लहान गांवांची सेवा सोडण्याची नोटीस सरकारास दिली. दारांत वांचविलेला पैसा असा दूरच्या गांवांतील रोग्यास व व्यापाऱ्यास भरून द्यावा लागतो.

६. वेतन कां वाढलें?

शेवटीं कंपन्यांस हात सैल करावा लागला. २०१५ सालीं रिपब्लिकनें नव्या सहवैमानिकास तासास ४० डॉलर देऊं केले. २०२० च्या महामारींत अनेक वृद्ध वैमानिक मुदतीपूर्वीं निवृत्त झाले. पुढें प्रवासी परत आले, मोठ्या कंपन्यांनीं प्रादेशिक कंपन्यांचे वैमानिक ओढून घेतले, आणि टंचाई कळसास पोंचली. जून २०२२ मध्यें एन्व्हॉय, पीडमाँट व पीएसए ह्यांनीं पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकास तासास ९० डॉलरपर्यंत वेतन जाहीर केलें. त्यांतील कांहीं भाग ठराविक मुदतीपुरता होता. दोन महिन्यांनीं मेसा ही कंपनी १०० डॉलरांवर गेली. तासास ९० डॉलर धरले तर ७५ तासांच्या हमीनें वर्षाचे ८१,००० डॉलर होतात. म्हणजे नऊ वर्षांत वेतन जवळजवळ चौपट झालें.

काम तर पूर्वींचेंच होतें. उजवें आसन तेंच, उतारू तितकेच, जबाबदारी तीच. २००९ सालींही सहवैमानिकाच्या हातीं तितकेच जीव होते. तेव्हां त्यांची किंमत कमी नव्हती. बदलली ती एकच गोष्ट : दारापुढील रांग आंखूड झाली. कामाचें मोल व कामाचा दाम ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दाम हा गरज व उपलब्धता ह्यांवर चढतो-उतरतो. मोल मात्र कामाबरोबर कायम राहतें. हाच ह्या पाठाचा मुख्य मुद्दा होय.

ह्याची दुसरी बाजूही लगेच दिसून आली. २०२४ सालीं मोठ्या कंपन्यांनीं भरती कमी केली. त्यामुळें खालची रांग पुढें सरकेना, आणि पंधराशें तास पुरे केलेले कित्येक तरुण बोलावण्याची वाट पाहत बसले. २०२२ चे आंकडे पाहून ज्यांनीं कर्ज काढलें, त्यांचा हप्ता मात्र कोणासाठीं थांबला नाहीं.

७. आपल्यापुरता बोध

आपल्या देशाचे नियम निराळे आहेत. येथें व्यापारी वैमानिकाच्या परवान्यास वय १८ वर्षें, बारावीस पदार्थविज्ञान व गणित हे विषय, वैद्यकीय पात्रता आणि २०० तासांचें उड्डाण लागतें. लहान गांवांस विमानानें जोडण्याची ‘उडान’ योजना २०१७ मध्यें प्रत्यक्षांत आली, व तिच्या पहिल्या मार्गांत आपल्या नांदेडचा समावेश होता. तेव्हां प्रादेशिक कंपनी ही आतां आपल्यासही परकी राहिलेली नाहीं.

ज्या पालकांच्या घरीं असा उमेदवार असेल त्यांनीं फी भरण्यापूर्वीं चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्या. परवान्यानंतर विशिष्ट विमानाच्या शिक्षणाचा निराळा खर्च किती व तो कोण करणार? नोकरी सोडल्यास पैसे परत करण्याचा करार आहे काय? हमीचे तास किती? परवाना व नेमणूक ह्यांमध्यें दोन वर्षें गेलीं तर हप्ता कशांतून भरावयाचा? आणि ह्या सर्वांच्या आधीं मुलाची किंवा मुलीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. कारण त्या एका कागदावांचून बाकीचा सारा खर्च व्यर्थ जातो. हे प्रश्न विचारणें म्हणजे मुलांचे पंख छाटणें नव्हे. ज्यास उडावयाचें आहे त्यानें इंधन मोजूनच निघावें, हा वैमानिकाचा पहिला धडा आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) तासास ४० डॉलर व महिन्यास ७५ तास ह्या हिशेबानें वर्षाचें वेतन काढा.
(२) प्रादेशिक कंपनीस खर्च कमी ठेवण्याची निकड कां असते?
(३) ‘कामाचें मोल’ व ‘कामाचा दाम’ ह्यांतील भेद दुसऱ्या एखाद्या धंद्याच्या उदाहरणानें स्पष्ट करा.
(४) पंधराशें तासांच्या अटीच्या बाजूनें एक व विरुद्ध एक असें कारण लिहा.