सोन्याच्या डोंगरातले गाव

युरोप खंडात रुमानिया नावाचा देश आहे. तिथल्या आपुसेनी डोंगरात रोशिया मोंताना हे छोटे गाव वसले आहे. रोशिया म्हणजे तांबडी. खाणीच्या पाण्याने इथला ओढा तांबडा दिसतो. त्यावरून हे नाव पडले.

या डोंगराच्या पोटात सोने आहे. इ. स. १०६ मध्ये रोमचा बादशहा त्राजन याने हा मुलूख जिंकला. मग खाणी जोरात सुरू झाल्या. मजुरांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून बोगदे काढले. त्या काळचे सुमारे ७ किलोमीटर बोगदे आजही आहेत. पुढे गावकऱ्यांनी डोंगरावर लहान तलाव बांधले. त्यांच्या पाण्यावर चाके फिरत, दगड कुटला जाई आणि त्यातून सोने निघे.

या खाणींत एक नवल सापडले. सोने नव्हे, लाकडी पाट्या! पाटीला मेण लावायचे आणि त्यात अक्षरे कोरायची, अशी तेव्हाची रीत होती. कुणी घर विकले, कुणी कर्ज काढले, ते सारे या पाट्यांवर लिहिलेले आहे.

त्यांतला एक करार १६४ सालचा आहे. मेमियस नावाचा मजूर खाणीत कामाला राहिला. मुदत २० मे ते १३ नोव्हेंबर. मजुरी ७० नाणी, शिवाय जेवण. मधेच काम सोडले तर रोजचा दंड. धन्याने मजुरी थकवली तर त्यालाही तोच दंड. खाणीत पाणी भरून काम अडले, तर तेवढी मजुरी कमी. मेमियसला मात्र लिहिता येत नव्हते. म्हणून दुसऱ्याने त्याच्यासाठी लिहिले. तसे पाटीवर नमूदही केले.

आता अलीकडची गोष्ट. २००६ साली इथली सरकारी खाण बंद पडली. लोकांचे काम गेले. कॅनडातल्या एका कंपनीला डोंगर वरून खणून, सायनाइड हे जालीम विष वापरून सोने काढायचे होते. तिने बरीच घरे विकत घेतली. गावात दोन तट पडले. कुणाला काम हवे होते, तर कुणाला बापजाद्यांचे घर सोडवत नव्हते. शिवाय २००० साली याच देशात बाया मारे येथे बांध फुटून सायनाइड नदीत गेले होते आणि मासे मेले होते. लोक ते विसरले नव्हते.

२०१३ साली शहरोशहरी हजारो माणसे रस्त्यावर उतरली. योजना थांबली. २०२१ साली युनेस्कोने हे गाव जागतिक वारसा ठरवले. कंपनीने सरकारकडे भरपाई मागितली, पण २०२४ साली लवादाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. डोंगर वाचला. पण नुसत्या वारशाने चूल पेटत नाही. गावाला कामही हवेच.

आपण मेमियसकडून काय शिकावे? करार मेणावरचा असो की कागदावरचा, आधी वाचावा, मगच सही करावी.

प्रश्न
१. मेमियसचा करार दुसऱ्याने का लिहिला?
२. त्या करारात धन्यावर कोणते बंधन होते?
३. तुमच्या गावात अशी खाण निघाली, तर तुम्ही काय विचाराल?