गालिचा स्वच्छ झाला. पाक झाला का?

हजरत अनस बिन मालिक (रजि.) यांच्या आजी मुलैका (रजि.) यांनी एकदा प्रेषित मुहम्मद (स.) यांना भोजनास बोलावले. जेवण झाल्यावर प्रेषितांनी (स.) त्या घरातच नमाज पढण्याचे ठरविले. अंथरण्यासाठी एक चटई होती. दीर्घ वापराने ती काळी पडली होती. हजरत अनस (रजि.) यांनी तिच्यावर पाणी शिंपडले आणि प्रेषितांनी (स.) तिच्यावर उभे राहून दोन रकअत नमाज अदा केली. मागे अनस आणि एक अनाथ मुलगा, त्यांच्या मागे वृद्ध आजी, अशा सफा होत्या. सहीह बुखारीत ही हकिकत आली आहे. पाणी का शिंपडले, याविषयी विद्वानांनी निरनिराळी कारणे दिली आहेत : कोणी म्हणतात चटई नरम व्हावी म्हणून, कोणी म्हणतात धूळ बसावी म्हणून. परंतु चटई काळी आहे म्हणून ती नापाक ठरली नाही, एवढे मात्र स्पष्ट दिसते.

मळ आणि नजासत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मळलेले वस्त्र पाक असू शकते आणि दुधासारखे शुभ्र दिसणारे वस्त्र नापाक असू शकते. हा फरक आपल्याला पाठ असतो. पण मशिदीतील सफ धुवायची वेळ आली की तो विसरला जातो.

आपल्या सातारा-सांगली भागातील मशिदींत पूर्वी शहाबादी फरशी असे. तिच्यावर चटया किंवा सतरंज्या अंथरल्या जात, जुम्याला एखादी जाजम निघे. त्या उचलाव्यात, अंगणात झटकाव्यात, उन्हात टाकाव्यात, एवढ्यात काम भागे. आता भिंतीपासून भिंतीपर्यंत, सफांच्या रेघा विणलेला जाड गालिचा आला आहे. कपाळ टेकताना तो मऊ लागतो हे खरे. पण तो झटकता येत नाही, चार माणसांशिवाय हलत नाही, आणि त्याच्या मुळाशी काय साचले आहे ते दिसतही नाही. प्रेषितांच्या (स.) मशिदीचे छप्पर पावसात गळत असे आणि तेथे चिखलात सजदा झाल्याचे हदीसमध्ये आहे, तेव्हा गालिचा ही नमाजची अट नाही. मात्र आपण तो अंथरला आहे, तर त्याची जबाबदारीही आपणच घेतली आहे.

फरशी आणि गालिचा यांचा हुकूम एक नाही. एका ग्रामीण अरबाने मशिदीत लघवी केली तेव्हा लोक त्याच्या अंगावर धावले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबविले, त्या जागी बादलीभर पाणी ओतण्यास सांगितले आणि तुम्हाला लोकांसाठी सुलभता आणण्याकरिता पाठविले आहे, याची आठवण दिली. ती जमीन होती. हनफी फिकहनुसार जमीन, किंवा तिच्यात पक्की बसविलेली फरशी, वाळून नजासतीचा अंशही उरला नाही, तर नमाजसाठी पाक होते. गालिचाला ही सवलत नाही. तो कितीही कडक वाळला, तरी धुतल्याशिवाय पाक होत नाही. फरशीच्या काळातील सवय गालिच्याला लावून ‘वाळले की झाले’ म्हणणारे अनेक आहेत. ते बरोबर नाही.

धुवायचे कसे? रक्तासारखी दिसणारी नजासत असेल तर ती वस्तू निघून गेली पाहिजे. प्रयत्न करूनही फिकट डाग राहिला तर हरकत नाही. लघवीसारखी, वाळल्यावर न दिसणारी नजासत असेल तर तीन वेळा धुवावे आणि दर वेळी पिळावे. गालिचा पिळता येत नाही. म्हणून दर वेळी पाणी ठिबकायचे थांबेपर्यंत वाट पाहावी. वाहत्या नळाखाली भरपूर पाणी वाहू देऊन नजासत निघाल्याची खात्री झाली तर तेही पुरेसे आहे. शाफई मसलकात नजासत निघून गेल्यावर पाणी एकदा ओतणे पुरते. कोकणातून आलेल्या कुटुंबांना हे ठाऊक असते.

घरात लहान मुलाने गालिच्यावर लघवी केली, हा प्रश्न बहुतेक मातांचा. प्रथम सुती कापडाने दाबून टिपावे. घासू नये, घासल्याने ओल पसरते आणि नापाक जागा वाढते. मग तेवढ्या जागेवर तांब्याने पाणी ओतून स्वच्छ कापडाने दाबून शोषून घ्यावे. असे तीनदा करावे, दर वेळी कापड बदलावे किंवा धुऊन घ्यावे. खाली फोमचा थर असेल तर तो उचलून पाहावा, कारण लघवी तेथेच मुरते आणि पावसाळी हवेत तिचा वास पुन्हा वर येतो. कोठे सांडले हे नक्की माहीत नसेल आणि केवळ संशय असेल, तर संशयाने खात्री मोडत नाही हा फिकहचा नियम लक्षात ठेवावा. पूर्ण गालिचा नापाक समजून घरभर अस्वस्थता पसरविणे, हा वसवसा आहे.

आता स्वच्छतेकडे वळू. गालिच्याचा खरा शत्रू डाग नसून बारीक कोरडी माती आहे. तिचे कण तंतूंच्या मुळाशी बसतात आणि पाय पडला की कानशीप्रमाणे तंतू कापतात. म्हणून पाणी लावण्यापूर्वी कोरडी माती काढणे हे निम्म्याहून अधिक काम आहे. आधी पाणी टाकले तर तिचा चिखल होतो. व्हॅक्यूम क्लीनर फिरवताना घाई करू नये : एकच पट्टा सावकाश, एकदा लवीच्या दिशेने आणि एकदा उलट. फिरता ब्रश असलेले यंत्र अधिक माती उचलते. मात्र व्हॅक्यूमने वाळलेली लघवी पाक होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

धुण्यापूर्वी गालिचा कशाचा आहे ते ओळखावे. कडेचा एक धागा कापून चिमट्यात धरून जाळावा. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर तो लोकरीचा. वितळून कडक मणी झाला, तर कृत्रिम. मशिदींतील आजचे बरेच गालिचे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ते पाणी जवळजवळ शोषत नाहीत, म्हणून इफ्तारीच्या सरबताचा रंग सहसा सुटतो. पण भज्यांचे तेल चिकटून बसते. तेलावर मक्याचे पीठ भुरभुरून काही तास ठेवावे, मग झाडून घ्यावे. लोकरीला ब्लीचिंग पावडर आणि धुण्याचा सोडा कधीही लावू नये. दोन्ही तंतू खातात. रक्ताला कोणत्याही गालिच्यावर थंड पाणीच, गरम पाण्याने ते पक्के बसते.

शहरांत यंत्र घेऊन येणारे व्यावसायिक आता मिळतात. त्यांच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत फिरत्या ब्रशने शाम्पूचा फेस घासतात आणि वाळल्यावर उचलतात. गालिचा तत्काळ उजळतो. परंतु साबणाचा चिकट अंश राहिला तर महिन्याभरात पूर्वीपेक्षा अधिक मळतो, आणि पाण्याने धुणे न झाल्यामुळे नजासतीच्या दृष्टीने हे पुरेसे नाही. दुसऱ्या पद्धतीत दाबाने गरम पाणी तंतूंत सोडतात आणि तेच नोझल ते लगेच ओढून घेते. लोक तिला वाफेची धुलाई म्हणतात, वस्तुतः ते गरम पाणीच असते. पाणी सोडणे आणि जोराने ओढून घेणे, हे धुणे आणि पिळणे यांच्या बरेच जवळ आहे. साबणाच्या फेरीनंतर निव्वळ स्वच्छ पाण्याच्या तीन फेऱ्या करून घेतल्या तर पाकीचा हेतूही साधावा, असे माझे मत आहे. आपल्या इमामांना विचारून घ्यावे. कारागिराला एक प्रश्न अवश्य विचारावा : स्वच्छ पाण्याची आणि ओढलेल्या पाण्याची टाकी वेगळी आहे ना? तेच पाणी फिरून येत असेल तर धुण्याला अर्थ नाही. तसेच तागाचे अस्तर असलेला गालिचा फार भिजवू देऊ नये. अस्तराचा तपकिरी रंग वर येतो आणि कडा आकसतात.

पाण्याविषयी बोलताना आपल्या दोन जिल्ह्यांना एकच उत्तर देता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी १२ ऑगस्टला बकरी ईद आली, तेव्हाही पूर पूर्ण ओसरला नव्हता. २०२१ मध्ये २१ जुलैला बकरी ईद झाली आणि त्याच आठवड्यात नदीने पुन्हा पात्र सोडले. पुराचे पाणी घरांत आणि प्रार्थनास्थळांत शिरले की पहिला प्रश्न गालिच्याचा येतो. वाहते पाणी मूलतः पाक आहे. नजासतीने त्याचा रंग, चव किंवा वास बदलला तर मात्र नापाक. शहरातील पुरात गटारे मिसळतात. ज्या गालिच्याला गटाराचा वास आहे तो नापाक समजून धुवावा, आणि वास नसला तरी आरोग्यासाठी धुवावाच. गाळ ओला असतानाच पाण्याच्या धारेने काढावा. वाळून दगड झाला की तंतूंसह निघतो. गालिचा जमिनीवर न ठेवता कठड्यावर किंवा बांबूवर उतरता टाकावा, म्हणजे पाणी वाहून जाईल आणि ठिबकणे थांबल्याचेही कळेल. फोमचे अस्तर दिवसेंदिवस पाण्यात राहिले असेल तर मोह सोडावा. बुरशी धरलेल्या गालिच्यावर अत्तर शिंपडून नमाजींना बसविणे हा त्यांच्या श्वासाशी खेळ आहे.

त्याच वेळी माण, खटाव, आटपाडी, जत येथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, ते आपण पाहिले आहे. प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे फार तर लिटरभर पाण्यात वुजू करीत. ज्या गावात घागरीला रांग आहे तेथे रमजानपूर्वी संपूर्ण गालिचा पाण्याखाली घालणे दीनदारी नव्हे. नापाक झालेली जागा तेवढी धुवावी, उरलेल्याला कोरडी सफाई आणि ऊन द्यावे. धुलाई पावसाळ्यानंतर करावी. माझ्या मते अशा गावांनी जाड गालिचा घेऊच नये. धुता येणाऱ्या सतरंज्या तेथे अधिक शहाणपणाच्या.

मजुरीचाही विषय आहे. मशीद झाडणाऱ्या एका स्त्रीचे निधन झाले आणि लोकांनी प्रेषितांना (स.) कळविले नाही, तेव्हा त्यांनी तिची कबर विचारून घेऊन तेथे नमाज अदा केली, असे बुखारी व मुस्लिममध्ये आहे. आपल्याकडे मात्र ओला गालिचा खांद्यावर वाहणाऱ्या मजुराला सवाबाचे आश्वासन देऊन पैसे कमी केले जातात. सवाब अल्लाह देईल, मजुरी कमिटीने द्यायची आहे, आणि तीही घाम वाळण्यापूर्वी.

गालिचा वाळायला शक्यतो एका दिवसापेक्षा अधिक वेळ लागू नये. पंखे जमिनीलगत, आडवे लावावेत. वास येण्याचे नित्याचे कारण धुलाई नसून वुजूचे ओले पाय असतात, म्हणून वुजूखाना आणि पहिली सफ यांच्या मध्ये पाणी टिपणारे पायपुसणे असावे आणि ते रोज बदलावे. गालिचा उचलण्यापूर्वी सफांच्या रेघा फरशीवर खडूने आखून ठेवाव्यात. आपल्याकडे किब्ला पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे आहे. पुन्हा अंथरताना भिंतीच्या अंदाजाने रेघा लावल्या तर काही मशिदींत सफ तिरकी पडते.