आधी माणसं, मग बाग

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्रभर तोच कानात राहिला. चिपळूणच्या दमट हवेत वाढलेली तू, लग्न होऊन निफाडच्या मळ्यात आलीस आणि पहिल्याच डिसेंबरात बोटं सुजली, ओठ फुटले, म्हणालीस, "ताई, इथे पाण्यात हात घालवत नाही गं." मला वीस वर्षं झाली या तालुक्यात. माझ्याही पहिल्या थंडीत मी चुलीपुढे बसून रडले होते. तेव्हा ऐक.

निफाडची थंडी लहानसहान नाही. उत्तरेत बर्फ पडलं की तिकडचं कोरडं वारं इथवर येतं, आभाळ निरभ्र असतं, वारा पडतो आणि दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब रात्रीतून वर निघून जाते. डिसेंबर २०१८ मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा १.८ अंशांवर गेला होता. आणि तो आकडा जमिनीपासून चार-पाच फूट वर लावलेल्या तापमापकाचा बरं का. गवताच्या पात्यावर त्याहून जास्त गारठा असतो, म्हणून त्या पहाटे बांधावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. ढगाळ रात्री एवढा कडाका नसतो. संध्याकाळी आभाळ लख्ख दिसलं की समजायचं, आज जपायचं.

आता तुला दिसेल, सगळं घर द्राक्षबागेमागे धावतंय. चूक नाही त्यांची. घडात पाणी भरायच्या दिवसांत गारठा पडला की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. दिवसा ऊन नि रात्री कडाका असा फरक पडला की हिरवे मणी गुलाबी पडतात, त्याला इथे पिंक बेरी म्हणतात, आणि मग निर्यातीचा माल हातचा जातो. म्हणून पहाटे बांधावर शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. पहाटे विहिरीवर वाफ दिसते ना, ती म्हणूनच. ओली माती दिवसाची ऊबही जास्त धरून ठेवते. हे सगळं तुझ्या घरच्यांना तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. बागेकडे बघायला घरात चार जण आहेत. माणसांकडे बघायला कोण आहे? तू बघ.

एक गोष्ट मात्र मनावर कोरून ठेव. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यात सासूबाई काकडत होत्या, म्हणून मी कोळशाची शेगडी त्यांच्या खोलीत ठेवली आणि ऊब जाऊ नये म्हणून दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं. निखारे लाल, धूर नाही, मला वाटलं आता काही भीती नाही. मध्यरात्री त्या ओकायला लागल्या, डोकं फुटतंय म्हणाल्या, उठता येईना. मी दार-खिडकी सताड उघडली, ओढत ओसरीवर आणलं, तेव्हा हळूहळू सावरल्या. त्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही की रंग नाही, आणि झोपेतच माणूस जातो. शेगडी अंगणात, ओसरीवर. खोलीत नाही म्हणजे नाही. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर खिडकी उघडी राहिलीच पाहिजे.

खोली उबदार करायची तर फटी बुजव, पण शेगडी नसलेल्या खोलीच्या. पत्रा रात्री फार गार पडतो, त्याच्या आत बारदान ताणून बांध. खाली गोधडी दुहेरी घाल. थंडी वरून येते त्याहून खालून जास्त शिरते. घरातल्या बाळाला टोपी-मोजे, आणि आंघोळ दहानंतर, उन्हात. मामंजींना पहाटे उठल्या उठल्या बाहेर जाऊ देऊ नकोस. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. आधी अंथरुणातच बसू दे, कोमट पाणी दे, ऊन आलं की फिरतील. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळतात, तेही बघ. दही लागत नाही म्हणत होतीस ना? दुधाचं भांडं पिठाच्या डब्यात पुरून ठेव.

गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूला पोत्यांचे पडदे लाव, वासराखाली कोरडा भुसा टाक.

आणि झोपड्यांतली माणसं विसरू नकोस. पेठ-सुरगाण्याहून बागेच्या कामाला आलेली ती कुटुंबं, लेकरं घेऊन पालाखाली झोपतात. मोकळी खोली असेल तर या आठवड्यात त्यांना उघडून दे. कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांग. पहाटे पाणी धरायला एकट्याने कोणाला पाठवू नका, दोघं जा, बॅटरी घ्या. गोदाकाठच्या उसात बिबट्या आहे.

तुझ्या बोटांना खोबरेल तेल गरम करून लाव, थेट जाळावर शेकू नकोस, आणि भांडी कोमट पाण्याने घास. बंब सगळ्यांच्या आंघोळीला पेटतो, तेव्हा तुझ्या भांड्यांसाठीही पाणी काढून ठेवायचं. लाजू नकोस. बाजरीची भाकरी, तिळाची चटणी खा. डिंकाचे लाडू मी करते.

रविवारी दुपारी येते. दोन गोधड्या आणते, त्यातली एक आईच्या लुगड्यांची आहे. तोवर तुझ्या खोलीच्या दाराखालची फट बोटांनी मोजून ठेव.