इंटरनेट डेटाचा सुयोग्य वापर

बुलढाणा जिल्ह्याच्या १३ तालुक्यांत, घाटाखालील जळगाव जामोद असो की घाटावरील लोणार, ग्रामपंचायत व शाळा यांचे पुष्कळसे कामकाज आता इंटरनेटवर अवलंबून आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. शासन निर्णय व बालभारतीची पाठ्यपुस्तकेही संगणकावर उतरवून घेता येतात. तथापि जेथे मोबाइलच्या मर्यादित डेटावर काम चालते, तेथे तो दुपारीच संपल्यास अर्जाच्या अंतिम दिवशी शेतकऱ्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. म्हणून या साधनाचा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

मापाचा हिशेब

इंटरनेटचा वेग ‘बिट’मध्ये, तर फाइलचा आकार ‘बाइट’मध्ये मोजतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. सेकंदाला २ मेगाबिट वेग असल्यास २० मेगाबाइटची फाइल सुमारे ८० सेकंदांत उतरते. अनेक योजनांत दैनंदिन मर्यादा संपताच वेग ६४ किलोबिटवर येतो. त्या वेगाने तीच फाइल उतरण्यास सुमारे ४२ मिनिटे लागतात. उलट, सेकंदाला १ मेगाबिट दराने चालणारी चित्रफीत तासाभरात ४५० मेगाबाइट खर्च करते. म्हणजे दीड गिगाबाइटचा डेटा सुमारे ३ तास २० मिनिटांत संपुष्टात येतो.

खर्च कोठे होतो?

बराचसा खर्च नकळत होतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेला संगणक त्यास अमर्याद जोडणी समजून स्वतःच्या सुधारित आवृत्त्या उतरवू लागतो. यासाठी ती जोडणी संगणकात ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवावी. व्हॉट्सॲपवरील छायाचित्रे व चित्रफिती आपोआप उतरण्याची सोय बंद ठेवावी. फाइल उतरविण्यापूर्वी तिचा आकार पाहावा.

कागदपत्रे पाठवितानाही काटकसर साधते. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केल्यास मूळ आकार सुमारे २६ मेगाबाइट होतो. तेच निव्वळ कृष्णधवल केल्यास सुमारे १ मेगाबाइट. संक्षेपणानंतर दोन्ही आकार घटतात, परंतु तफावत राहतेच. छायाचित्र नसलेल्या दाखल्यास रंगाची गरज नसते. मात्र संबंधित संकेतस्थळाचे नियम आधी पाहावेत.

सामूहिक नियोजन

शाळेने एखादे पुस्तक एकदाच उतरवून पेन ड्राइव्हद्वारे सर्व वर्गांना द्यावे. प्रत्येक शिक्षकाने ते स्वतंत्रपणे उतरविण्याचे कारण नाही. मोठ्या फाइली शक्यतो वर्दळ नसताना, भारतनेट वा अन्य केबल जोडणी असलेल्या ठिकाणी उतरवाव्यात. काम मध्येच खंडित झाल्यास, सोय असेल तेथे, नव्याने आरंभ न करता ‘रिझ्यूम’ करावे.

ग्रामपंचायतीने दिवसाच्या डेटाचा काही भाग नागरिकांच्या अर्जांसाठी राखून ठेवावा. पाण्याच्या टाकीप्रमाणे डेटाचेही नियोजन झाले, तर दिवसाच्या अखेरीस येणाऱ्या ग्रामस्थाचेही काम अडणार नाही.